विश्वचषकाच्या वाटेवरचं सोलापूर

पुणे आणि हैदराबाद यांच्या मधोमध सोलापूर आहे. रेल्वे इथे १८६० साली आली आणि पुढे वाडीमार्गे हैदराबादलाही जोडली गेली. तेव्हापासून या दोन शहरांमधला प्रवास सोलापूर ओलांडून होतो. पुरुषांचा एकदिवसीय विश्वचषकही सोलापूरला असाच ओलांडून गेला. १९८७, १९९६ आणि २०२३ या तिन्ही स्पर्धांत पुण्यात सामने झाले आणि हैदराबादेतही झाले. सोलापूरच्या पार्क मैदानाच्या वाट्याला मात्र एकही आला नाही.

हे शहर दोन्हीकडचं आहे, म्हणून हे ओलांडून जाणं जास्त जाणवतं. पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांच्या घरात तेलुगू बोलली जाते आणि सोयरिकी तेलंगणात असतात. बाकीच्या शहराची कॉलेजं, नोकऱ्या आणि दवाखाने पुण्याकडे. सामना हैदराबादला असो वा पुण्याला, सोलापुरातल्या कुणाच्या तरी पाहुण्यांच्या गावात तो चाललेला असतो.

क्रिकेटशी सोलापूरचं नातं विश्वचषकाहून बरंच जुनं आहे. क्रिकेटच्या काही नोंदवह्यांत भारताचे कसोटीपटू पॉली उम्रीगर यांचं जन्मगाव म्हणून सोलापूर लिहिलेलं आहे. जन्म २८ मार्च १९२६. कुटुंब पारशी, वडिलांचा धंदा कापडाचा. गिरण्यांच्या गावाला साजेसा. पुढे कुटुंब मुंबईला गेलं आणि पॉली मुंबईचे झाले. ५९ कसोटी, १२ शतकं, ३,६३१ धावा. त्यातली एक खेळी सोलापूरकरांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे. नोव्हेंबर १९५५ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी २२३ धावा केल्या. कसोटीत भारतीयाने काढलेलं ते पहिलं द्विशतक, आणि ते निघालं हैदराबादला.

उंचापुरा, ताकदवान, षटकार मारायला न कचरणारा, शिवाय ऑफस्पिन टाकणारा आणि क्षेत्ररक्षणातही चपळ. आजच्या भाषेत उम्रीगर म्हणजे पक्का एकदिवसीय खेळाडू. पण ते शेवटची कसोटी खेळले १९६२ मध्ये आणि पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला ५ जानेवारी १९७१ रोजी, मेलबर्नला. नऊ वर्षांनी हुकलं. १९७८ ते १९८२ या काळात ते निवड समितीचे अध्यक्ष होते. याच काळात १९७९ च्या विश्वचषकात भारत तिन्ही सामने हरला. त्यातला एक श्रीलंकेविरुद्धचा, आणि श्रीलंकेला तेव्हा कसोटीचा दर्जाही मिळालेला नव्हता. एकदिवसीय क्रिकेट आपल्याकडे अजून कुणाला नीट उमगलंच नव्हतं.

१९८३ च्या विश्वविजयाने ते चित्र पालटलं. चार वर्षांनी विश्वचषक इंग्लंडबाहेर पहिल्यांदाच आला, तो भारत आणि पाकिस्तानात. डाव ६० षटकांचा ५० वर आला. १० ऑक्टोबर १९८७ रोजी हैदराबादेत झिंबाब्वे न्यूझीलंडच्या २४२ धावांचा पाठलाग करत होता. सात गडी १०४ धावांत तंबूत परतले होते. तिथून डेव्ह हाउटनने १३७ चेंडूंत १४२ धावा कुटल्या. मार्टिन क्रोने मागे धावत जाऊन त्याचा झेल टिपला, आणि तरीही झिंबाब्वे अवघ्या तीन धावांनी हरला. त्याच महिन्यात ३० तारखेला पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर इंग्लंडने श्रीलंकेला आठ गडी राखून सहज हरवलं. त्या सामन्याची फारशी आठवण कुणी काढत नाही.

नेहरू स्टेडियमचा खरा दिवस उजाडला २९ फेब्रुवारी १९९६ रोजी. समोरासमोर वेस्ट इंडीज आणि पहिलाच विश्वचषक खेळणारा केनिया. रिची रिचर्डसनने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतलं. केनियाचा डाव १६६ वर आटोपला. त्यांच्या एकाही फलंदाजाला ३० गाठता आले नाहीत, आणि फलकावर सगळ्यात मोठा आकडा होता अवांतर धावांचा, ३७. त्यातल्या बऱ्याच धावा वेस्ट इंडीजच्या गोलंदाजांनी आपल्या हातांनीच दिल्या होत्या.

मग लारा आला. केनियाचा यष्टिरक्षक तारिक इक्बाल म्हणजे चष्मा लावलेला, अंगाने भरलेला गडी. तोवर त्याच्या हातून चेंडू निसटत होते. रजब अलीच्या चेंडूवर लाराच्या बॅटीची कड लागली आणि या वेळी मात्र चेंडू तारिकच्या ग्लोव्हजमध्ये टिकला. लारा ८. पुढे चंदरपॉलच्या १९ आणि हार्परच्या १७ सोडल्या तर कुणी दोन आकडी धावसंख्याही गाठली नाही. मॉरिस ओडुम्बेने १५ धावांत तीन बळी घेतले आणि दोनदा विश्वविजेता ठरलेला संघ ९३ वर गारद झाला. एकदिवसीय विश्वचषकाच्या इतिहासात याहून मोठा धक्का शोधायचा तर फार वणवण करावी लागेल. तो घडला सोलापूरपासून अडीचशे किलोमीटरवर.

२०११ च्या स्पर्धेत पुणे नव्हतं आणि हैदराबादही नव्हतं. २०२३ मध्ये दोन्ही परत आली. पुण्याजवळच्या गहुंज्याला विराट कोहलीने बांगलादेशविरुद्ध नाबाद शतक काढलं, हैदराबादेत पाकिस्तानने श्रीलंकेविरुद्ध ३४५ धावांचं लक्ष्य पार केलं.

त्याच वर्षी जूनमध्ये गहुंज्यावर सोलापूरच्या अर्शिन कुलकर्णीने महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये ५४ चेंडूंत ११७ धावा केल्या. त्यात १३ षटकार. वर चार बळीही घेतले आणि त्याचा नाशिक संघ एका धावेने जिंकला. डिसेंबरमध्ये तो १९ वर्षांखालील आशिया चषक खेळला. सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरात होती, तेव्हा तो युवा विश्वचषकासाठी भारतीय संघात दाखल झालेला होता. दक्षिण आफ्रिकेतली ही स्पर्धाही पन्नास षटकांचीच, देशादेशांतली.

२८ जानेवारी २०२४, ब्लूमफाँटेन. अमेरिकेविरुद्ध सलामीला येऊन अर्शिनने ११८ चेंडूंत १०८ धावा केल्या. भारत ३२६, विजय २०१ धावांनी. उपांत्य फेरीत यजमानांविरुद्ध चार गडी ३२ वर गेले असताना बीडच्या सचिन धसने ९६ धावा करून डाव सावरला. एका विश्वचषकाच्या संघात सोलापूर आणि बीड एकाच वेळी असावेत, ही गोष्ट उम्रीगरांच्या काळात कुणी मनातही आणली नसती. त्यांना मुंबई गाठावीच लागली होती. ११ फेब्रुवारीला बेनोनीत अंतिम सामना ऑस्ट्रेलियाने ७९ धावांनी जिंकला आणि अर्शिनला तीनच धावा करता आल्या.

त्याच जानेवारीत पार्क स्टेडियमवर रणजी करंडकाचा सामनाही झाला. मैदानाचं नूतनीकरण झालेलं आहे, प्रथम श्रेणीचा सामना भरवण्याची सोय आहे, आणि बघायला येणारं शहर तर आहेच. मोठ्या संघांचा सामना इथे लगेच येईल असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. पण १९ वर्षांखालील संघांची परदेशी पाहुण्यांबरोबरची एखादी एकदिवसीय मालिका महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने सोलापूरसाठी मागून घ्यावी. पुण्याहून हैदराबादकडे निघालेल्या पाहुण्यांना वाटेत उतरायला हे स्टेशन आहे.