निन्टेंडोचा 'व्हर्च्युअल बॉय' का फसला? उत्तर त्याच्या पोटात आहे

मारिओ आणि गेम बॉयमुळे निन्टेंडो घराघरांत पोहोचली. पण याच कंपनीचा एक कन्सोल वर्षभरही बाजारात टिकला नाही. त्याचं नाव व्हर्च्युअल बॉय. १९९५ मध्ये तो जपान आणि अमेरिकेत आला आणि १९९६ मध्ये बंद झाला. जेमतेम ७.७ लाख नग विकले गेले आणि एकूण २२ गेम्स निघाले. असं का झालं? हा कन्सोल उघडून पाहिला की बरंच काही कळतं.

आत स्क्रीनच नाही!

कन्सोलच्या आत प्रत्येक डोळ्यासाठी २२४ बारीक लाल एलईडींची एकच उभी रांग असते. तिच्यासमोर एक आरसा वेगाने डावी-उजवीकडे हलतो. आरसा हलताना एलईडी उघडझाप करतात आणि आपल्याला ३८४ बाय २२४ पिक्सेलचं पूर्ण चित्र दिसतं. दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळं चित्र दाखवलं की खोलीचा, म्हणजेच थ्रीडीचा भास होतो.

फक्त लालच का?

लाल एलईडी स्वस्त होते आणि वीजही कमी खात. गेम बॉय घडवणारे गुनपेई योकोई यांचाच हा कन्सोल. जुनं, स्वस्त तंत्र नव्या पद्धतीने वापरायचं हे त्यांचं सूत्र होतं. इथे मात्र ते अंगलट आलं. सगळा खेळ लाल-काळा दिसायचा. टेबलावरच्या स्टँडवर ठेवलेल्या यंत्रात वाकून पाहावं लागायचं. डोळे आणि डोकं दुखण्याच्या तक्रारी आल्या. किंमत होती जवळपास १८० डॉलर.

आज तो बंद का पडतो?

डिस्प्लेची रिबन केबल बोर्डाला सोल्डर केलेली नसते, ती चिकटवलेली असते. वर्षानुवर्षांत हा चिकटा सुटतो आणि चित्रात आडव्या रेषा दिसू लागतात. काही जण केबल गरम करून पुन्हा दाबतात, पण तो तात्पुरता इलाज. केबलवरचं प्लॅस्टिक अलगद खरवडून आतलं तांबं बोर्डाला सोल्डर केलं, तर दुरुस्ती टिकते.

म्हणूनच जुना व्हर्च्युअल बॉय विकत घेणार असाल, तर आधी सुरू करून दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळं पाहा. एका बाजूला रेषा दिसल्या, तर दुरुस्तीचा खर्च किमतीत धरा.