एकच ओबामा, चार पुस्तकं

आज बोलूया बराक ओबामांवरच्या पुस्तकांबद्दल.

एक प्रसंग घेऊ. ‘ड्रीम्स फ्रॉम माय फादर’ (१९९५) या आपल्या पुस्तकात ओबामा न्यूयॉर्कमधल्या एका गोऱ्या मैत्रिणीबद्दल लिहितात. दोघं एका कृष्णवर्णीय लेखकाचं नाटक बघतात आणि थिएटरबाहेर त्यांचं कडाक्याचं भांडण होतं.

पुढे डेव्हिड मॅरानिस यांनी २०१२ च्या चरित्रासाठी ओबामांची तिथली मैत्रीण शोधून काढली. तिच्या मते असं काही झालंच नव्हतं. मॅरानिसनी ओबामांनाच विचारलं. त्यांनी मान्य केलं की तो प्रसंग तिच्यासोबतचा नव्हता.

लगेच ‘खोटारडा’ म्हणू नका हं! काही पात्रं अनेक माणसं मिळून बनवलीत, हे ओबामांनी प्रस्तावनेतच सांगितलंय.

डेव्हिड गॅरो यांचं ‘रायझिंग स्टार’ (२०१७) हजारावर पानांचं. त्यात शिकागोतली एक मैत्रीण आहे, जिला ओबामांनी लग्नाची मागणी घातली होती. ओबामांच्या पुस्तकात ती जवळपास नाहीच. गॅरोंना दिसतो राजकारणासाठी स्वतःला घडवणारा माणूस. उलट डेव्हिड रेमनिक ‘द ब्रिज’ (२०१०) सुरू करतात सेल्मा शहरापासून, जिथे १९६५ मध्ये मतदानाच्या हक्कासाठी मोर्चा निघाला होता. त्यामुळे तिथले ओबामा त्या लढ्याचे वारसदार वाटतात.

म्हणून मी कुठलंही चरित्र उघडलं की दोन गोष्टी बघतो: लेखक सुरुवात कुठून करतो आणि कोणाकोणाशी बोललाय. आत्मचरित्र असेल, तर कोण गाळलं गेलंय तेही शोधतो.

तुम्ही कुठलं आधी वाचाल? नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!