फळं न खाणाऱ्यांचा ताळेबंद

आपल्या हैदराबादच्या मराठी घरांत एक तरी माणूस असा असतोच, की ज्याच्यापुढे पपईची फोड ठेवली की तोंड वाकडं होतं. आमचे वडील त्यातलेच. आंबा सोडला तर फळाला हात लावायचे नाहीत. आई म्हणायची, "राहू द्या, भाजी तर खातात ना!" तिचं म्हणणं किती बरोबर होतं, ते इतिहास वाचल्यावर पटतं.

फळ म्हणजे आरोग्य ही समजूत पक्की केली ती दर्यावर्दी लोकांनी. 1747 मध्ये जेम्स लिंड या डॉक्टरने 'सॅलिसबरी' जहाजावर स्कर्व्ही झालेल्या 12 खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री-लिंबू मिळालेले दोघे आठवड्याच्या आत सुधारले. तरी इंग्रज आरमारात लिंबाचा रस नियमाने सुरू व्हायला 1795 उजाडलं. सरकारी फाईल तेव्हाही हळूच हलायची!

पण त्या लिंबातला गुण, म्हणजे क जीवनसत्त्व, ढिगाने हाती लागला तो भाजीतून. हंगेरीचे शास्त्रज्ञ सेंट-ग्यॉर्गी सांगत, की रात्रीच्या जेवणात बायकोने वाढलेली पॅप्रिका मिरची त्यांना खावीशी वाटेना, म्हणून ती त्यांनी प्रयोगशाळेत नेली. त्यात हे जीवनसत्त्व भरपूर निघालं. 1937 चं नोबेल त्यांना मिळालं. आणि ही मिरची पोर्तुगीजांमुळे आपल्याकडे आली, ती चार शतकांहून जास्त काळ आपल्या ताटात आहे.

आता आपल्या गावाचा संबंध. तार्नाक्याची राष्ट्रीय पोषण संस्था सगळ्यांना माहीत आहे. तिची सुरुवात 1918 मध्ये कुन्नूरला रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी केली, 1958 मध्ये ती हैदराबादला आली. या मॅकॅरिसन साहेबांनी उंदरांना भारतातल्या वेगवेगळ्या लोकांचा आहार घालून पाहिला. शीख आहार पहिला, पठाण दुसरा आणि मराठा तिसरा! वरच्या नंबरच्या शीख आहारात गव्हाची पोळी, दूध, डाळ आणि ताजी भाजी हा पाया होता. पॉलिश केलेल्या भातावरचा मद्रासी आहार शेवटी गेला.

याच संस्थेच्या जुन्या तक्त्यात 100 ग्रॅममागे क जीवनसत्त्वाचे आकडे आहेत. सफरचंद 1 मिलिग्रॅम, केळं 7, संत्रं 30. आणि शेवग्याची पानं 220, कोथिंबीर 135, हिरवी मिरची 111! 2017 च्या नव्या तक्त्यात बरेच आकडे बदलले, शेवग्याच्या पानांचा तर जवळपास निम्मा झाला. तरीही ती संत्र्याच्या पुढेच आहेत. संस्थेच्या हिशेबाने पुरुषाला दिवसाला 80 आणि बाईला 65 मिलिग्रॅम लागतं. मिरच्या कोणी 100 ग्रॅम खात नाही आणि शिजवताना बराच गुण उडतो, हे धरूनच जमा लिहायची. म्हणून लिंबू गॅस बंद केल्यावर पिळावं, कोथिंबीर वरून घालावी, कोबीची कोशिंबीर कच्चीच करावी. लिंबाने डाळ-भाजीतलं लोहही अंगी लागतं. जेवणाबरोबर चहा घेतला की तेच कमी होतं.

फळाची बाकी खाती भरणंही अवघड नाही. अ जीवनसत्त्वाला गाजर, लाल भोपळा, पालेभाजी. चोथ्याला ज्वारीची भाकरी आणि सालासकट डाळ. पोटॅशियमला डाळी, बटाटा, शहाळं. आपली बरीच घरं मराठवाड्यातून आलेली. 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आपण इथेच राहिलो, पण भाकरी, अंबाडी, चुका हे सोबत ठेवलं. इथली गोंगुऱ्याची पचडी म्हणजे आपली अंबाडीच की!

काळजी मला वेगळीच आहे. माझ्या वयाची मंडळी फ्लॅटमध्ये दोघंच किंवा एकटी राहतात. दात गेले म्हणून कोशिंबीर बंद, निवडायचा कंटाळा म्हणून पालेभाजी बंद. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी वरण-भात, रात्री तोच वरण-भात. वडिलांच्या ताटात फळ नव्हतं, पण दोन भाज्या होत्या. आज फळही नाही आणि भाजीही नाही, म्हणजे मुद्दलच खाल्लं म्हणायचं. संस्था दिवसाला 100 ग्रॅम फळ सांगते, पण भाजी 400 ग्रॅम सांगते. मोठी रक्कम कुठली ते बघा.

दात नसतील तर कोबी-गाजर बारीक किसा, शेवग्याचा पाला वरणात घाला, कोथिंबिरीची चटणी वाटा. किडनीचा त्रास असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर पालेभाजी आणि शहाळं किती घ्यायचं ते आधी डॉक्टरांना विचारा.

आणि शेजारी कोणी एकटे आजी-आजोबा असतील, तर भाजी करताना एक वाटी जास्त करा. तुमच्या घरी अंबाडी-चुक्याचं काय काय व्हायचं, तेही खाली जरूर लिहा.