कापसाची वाट, पोरांची वाट

वऱ्हाडच्या इतिहासात कापसाइतका मान दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आला नाही. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला, तेव्हा त्यांची नजर प्रथम गेली ती इथल्या काळ्या जमिनीवर. मुंबई-नागपूर आगगाडी झाली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापुराहून एक अरुंद रूळ थेट यवतमाळपर्यंत येऊन पोचला. पुढे लोक त्या गाडीला लाडाने 'शकुंतला' म्हणू लागले. नाव काव्यातले, पण काम व्यापाऱ्याचे! यवतमाळचा कापूस मूर्तिजापुरास मोठ्या गाडीत चढे, मुंबईस जाई आणि तेथून जहाजाने विलायतेच्या गिरण्यांकडे निघे. यवतमाळच्या बोंडाला अशी सातासमुद्रापारची वाट मिळाली. तेच बोंड वेचणाऱ्या बाईच्या मुलाला मात्र दीडशे किलोमीटरांवरच्या नागपूरच्या कॉलेजची वाट ठाऊक नव्हती.

ती वाट तेव्हा होती तरी केवढीशी? नागपुरात १८८३ साली हिस्लॉप कॉलेज निघाले, १८८५ साली मॉरिस कॉलेज. परीक्षा मात्र आधी कलकत्ता विद्यापीठाची, मग अलाहाबादची. नागपूरला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९२३ साली. अशा काळात वणीच्या एका मुलाने मॉरिस कॉलेजातून पदवी घेतली. अमरावतीच्या शाळेत काही वर्षे शिक्षकी केली, त्या शिक्षकीच्या जोडीने वकिलीची परीक्षा दिली, आणि मग यवतमाळात येऊन वकिलीचे बिऱ्हाड थाटले. हेच पुढे लोकनायक झालेले बापूजी अणे. त्यांची योग्यता मोठी होती यात शंका नाही. पण त्यांच्या घरात विद्येची परंपराही होती. ज्याच्या घरात पाटीपेन्सिलीलाच कधी शिवलेले नाही त्या मुलाने काय करावे, हा प्रश्न मागे उरलाच.

त्याचे पहिले भक्कम उत्तर वसतिगृहाने दिले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहांचा पाया घातला, साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ साली. आमच्या वऱ्हाडात हे काम डॉ. पंजाबराव देशमुखांनी अंगावर घेतले. पापळ या खेड्यातल्या शेतकऱ्याचा हा मुलगा ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळवून १९२६ साली परतला. विलायतेहून आलेल्या माणसाने त्या काळी काय करावे? मोठी वकिली करावी, बंगला बांधावा. पंजाबरावांनी १९२७ साली अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढले आणि त्यात सर्व जातींची मुले एका छपराखाली ठेवली. पुढे त्यांच्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेने वऱ्हाडभर शाळा-कॉलेजे उभी केली. खेड्यातल्या बापाला पोर शहरी धाडायचे म्हटले की पहिली काळजी पडे, 'राहील कुठं, खाईल काय?' छात्रालयाने त्या काळजीला पंगतीतले ताट मांडून उत्तर दिले.

त्यानंतर दार पुष्कळच जवळ आले. तालुक्याच्या गावी कॉलेजे झाली, आणि १९८३ साली अमरावतीस विद्यापीठ स्थापन होऊन यवतमाळ जिल्हा त्याच्या कक्षेत आला. पण दार जवळ येणे निराळे आणि दारातून आत जाणे निराळे. कोलाम, गोंड, परधान, बंजारा अशा वस्त्यांतून आजही घरातला पहिलाच पदवीधर होणारी मुले आहेत. फासेपारध्यांची गोष्ट तर त्याहून बिकट. १८७१ च्या कायद्याने देशातल्या ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवण्याची सोय केली त्यांत पारधीही सापडले. तो कायदा १९५२ साली गेला, पण लोकांच्या मनातला शिक्का कायद्याने पुसला जात नाही. ज्या पालावर पोलीस येतो पण मास्तर येत नाही, तेथल्या मुलाला विद्यापीठ हा शब्द तरी कोण सांगणार?

आम्हा शिक्षकांना हे दर वर्षी दिसते. हुशार मुलाला विचारावे, 'पुढे काय रे?' उत्तर ठरलेले असते: 'पोलीसभरती, सर.' त्या नोकरीत कमीपणा काहीच नाही. दुःख एवढेच, की त्याने दहा वाटा पाहून ही निवडलेली नसते. त्याला एवढीच वाट दिसलेली असते. केंद्रीय विद्यापीठांची सामाईक प्रवेशपरीक्षा २०२२ पासून सुरू झाली, पण तिची खबर त्याच्यापर्यंत कोणी पोचवावी? अर्ज भरायचा संगणकावर. कुठे मला काय शिकायचे आहे आणि का, यावर इंग्रजीत निबंध लिहायचा. जातीचा दाखला हवा, उत्पन्नाचा हवा, आणि त्यासाठी तहसीलीत खेटे घालायचे तर मजुरी बुडते. शहरातल्या मुलाला या गोष्टी घरच्या चहाबरोबर कळतात. खेड्यातल्या मुलाला कळतात तेव्हा शेवटची तारीख टळून गेलेली असते. आणि मग आपणच म्हणतो, पोरात धमक नव्हती!

ही उणीव ओळखणारा माणूस त्याच वाटेवर ठेचकाळलेला असावा लागतो. राजू केंद्रे हे बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या पिंप्री खंदारे गावच्या शेतकरी घरातले. पुण्यास शिकायला गेले, पण तेथे जम बसला नाही. पदवी घेतली ती यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची. पुढे तुळजापूरच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत ग्रामविकासाचे शिक्षण झाले. मग ते यवतमाळ जिल्ह्यात ग्रामविकासाच्या कामावर आले, पारध्यांच्या वस्त्यांतून हिंडले, आणि २०१७ साली 'एकलव्य' या नावाने त्यांनी काम मांडले. काम साधेच: खेड्यापाड्यांतील, घरातल्या पहिल्या शिकणाऱ्या मुलामुलींना जवळ बसवायचे, देशातली नामवंत विद्यापीठे कोणती ते सांगायचे, अर्ज भरून घ्यायचे, परीक्षेची तयारी करून घ्यायची. २०२१ साली ते स्वतः चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकायला गेले. पण मागच्यांचा हात सोडून गेले नाहीत.

एकलव्य हे नाव मला फार अर्थपूर्ण वाटते. महाभारतातल्या एकलव्याला गुरूने जवळ केले नाही, आणि दक्षिणा मात्र अंगठ्याची मागितली. इथे दक्षिणा मागितली जाते ती वेगळीच: तू पुढे गेलास, आता मागच्याला वाट दाखव. आपल्या धर्मशास्त्रात ऋषिऋण म्हणून एक ऋण सांगितले आहे. ते पैशाने फिटत नाही. शिकून आणि शिकवूनच फिटते. पंजाबरावांनी ते फेडले, आणि आज पदवीचे शिक्षण घेता घेता धाकट्यांना शिकवणारा एखादा पोरगाही तेच फेडत असतो.

या सगळ्याची निकड कापसाच्या इतिहासातच आहे. यवतमाळचा कापूस गेला आणि कापड होऊन परत आला तो दामदुपटीने विकायला. गावची हुशार मुले जर अशीच एकेकटी निघून गेली, तर जिल्ह्याचे उत्तम पीक पुन्हा एकदा बाहेरच जाईल. शकुंतला आता बंद पडली आहे. पोरांची वाट मात्र जाण्यायेण्याची, दुहेरी राहिली पाहिजे.

वाचकहो, दिवाळीच्या सुटीत शहरातली कॉलेजे ओस पडतात आणि गावे भरतात. नेमकी याच सुमारास वेचणी चालू असते आणि पुढल्या वर्षीच्या प्रवेशांची हालचालही लवकरच सुरू होते. तुमच्या घरी असा शिकणारा मुलगा किंवा मुलगी आली असेल, तर फराळाचे ताट रिकामे झाल्यावर तिला शेजारच्या घरी जरूर पाठवा. तिथे बारावीला बसलेले कोणीतरी असेल. तासभर बोलणे होईल, एखाद्या विद्यापीठाचे नाव आणि अर्जाची तारीख कागदावर लिहिली जाईल. त्या शेजारच्या घरात असा कागद कदाचित पहिलाच असेल.