माथेरानची गाडी आणि माथेरानची रिक्षा



आपल्या सिंदेवाहीतून पूर्वी छोटी रेल्वे धावत असे, हे घरातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तिच्याहूनही लहान, दोन फूट रुंदीच्या रुळांवरची एक गाडी रायगड जिल्ह्यात नेरळहून माथेरानला चढते. तिचा इतिहास विचार करण्यासारखा आहे.

मे १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानचा डोंगर चढला. मुंबईच्या उकाड्याला कंटाळलेल्या साहेबांना ती थंड हवा मानवली आणि बंगले उभे राहिले. ठाकूर, कातकरी, धनगर यांचा त्या रानात आधीपासून वावर होता. पण डोंगराच्या टोकांना नावे पडली लुईसा आणि अलेक्झांडर, तलावाला शार्लट! त्या राजवटीत विश्रांती आणि प्रवासातही वर्णभेद होता. रेल्वेत युरोपियनांसाठी डबे राखीव असत. मुंबईच्या यॉट क्लबात हिंदी माणसाला सभासद करून घेत नसत.

अशा काळात मुंबईच्या बोहरा समाजातील अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी नेरळ ते माथेरान रेल्वे बांधण्याचे मनावर घेतले. १९०४ साली काम सुरू झाले. सुमारे सोळा लाख रुपये खर्चून, अवघड वळणे घेत जाणारा सुमारे वीस किलोमीटरचा मार्ग तयार झाला आणि मार्च १९०७ मध्ये गाडी सुरू झाली. साहेबाच्या डोंगरावर साहेबालाही एका हिंदी माणसाच्या गाडीतून जावे लागले!

परंतु मित्रांनो, गोष्ट येथे संपत नाही. धनवान हिंदी माणसाला वर जागा मिळाली. पाहुण्यांना रिक्षात बसवून ओढणारा गरीब मात्र होता तेथेच राहिला. माथेरानात मोटारींना बंदी, म्हणून स्वातंत्र्यानंतरही माणूस माणसाला ओढत राहिला. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये, आपल्या विदर्भाचे सुपुत्र भूषण गवई सरन्यायाधीश असताना, सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा सहा महिन्यांत बंद करून ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्याव्यात, असा आदेश दिला.

आपल्या शेजारी ताडोबा आहे. १९५५ पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे आणि देशोदेशीचे पाहुणे तेथे येतात. त्यांचे सामान कोण उचलणार आणि त्यांना जंगल कोण समजावून सांगणार, वाहन कोणाच्या मालकीचे असणार, हे आज आपल्या मुलामुलींच्या दप्तरात ठरत आहे. पालकहो, ते दप्तर मध्येच खाली ठेवू देऊ नका.