देहकॅमेरा, पोलिसांचा : मर्यादा व खाजगीपणा
पोलिसाच्या छातीवर किंवा खांद्यावर लावलेला, चित्र व आवाज टिपणारा छोटा कॅमेरा. तो समोरच्याला पाहतो, वर्दीतल्या माणसाला नाही, ही त्याची मूळ मर्यादा. झटापटीत भिंग झाकले जाते, अंधारात चित्र धूसर होते आणि बटण बहुधा पोलिसाच्याच हाती असते. वॉशिंग्टनमध्ये दोन हजारांहून अधिक पोलिसांवर झालेल्या, 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बळाच्या वापरात लक्षणीय फरक आढळला नाही.

जबलपूरच्या बडा फुहारासारख्या दाटीच्या बाजारात एका वादाचे चित्रण करताना शेजारचे ग्राहक, दुकानदार, लहान मुलेही टिपली जातात. घरातले चित्रण याहून नाजूक. घरगुती हिंसाचाराच्या तक्रारीत पीडित स्त्रीची संमती तेथे आधी घेतली पाहिजे.

पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने मात्र गुन्हेतपासाला मोठी सूट दिली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 नुसार झडती व जप्तीचे ध्वनिचित्रण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावे लागते.