कागदाचा कपटा

१९१४ सालचे महायुद्ध सारायेवो येथील पिस्तुलाच्या दोन गोळ्यांनी पेटले, असे आपण शालेय पुस्तकात वाचलेले असते. २८ जून रोजी ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड व त्याची पत्नी यांची हत्या झाली, हे खरेच. परंतु ठिणगीचा भडका उडतो तो दारूचे कोठार आधीच भरलेले असते म्हणून. त्या कोठारातील बराचसा साठा युरोपबाहेर, आफ्रिकेच्या भूमीवर जमा झाला होता.

१५ नोव्हेंबर १८८४ रोजी जर्मन चान्सलर बिस्मार्क याच्या बर्लिनमधील निवासस्थानी चौदा राष्ट्रांचे प्रतिनिधी एकत्र आले. विषय होता आफ्रिकेतील व्यापार, नद्या आणि नव्या प्रदेशांवरील हक्क. त्या मेजाभोवती एकही आफ्रिकी माणूस नव्हता. २६ फेब्रुवारी १८८५ रोजी करारावर सह्या झाल्या. भूभाग बळकावण्याची चढाओढ आधीपासूनच चालू होती. आता तिला नियमांची प्रतिष्ठा लाभली.

याच सुमारास बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याने काँगोचे विस्तीर्ण खोरे स्वतःच्या खाजगी मालकीचे केले. त्याचा आधार होता हेन्री स्टॅन्ली व त्याच्या सहकाऱ्यांनी शेकडो टोळीप्रमुखांकडून मिळवलेले करारनामे. ज्या भाषेत ते लिहिले होते ती भाषा त्या प्रमुखांना वाचता येत नव्हती. पुढे रबरासाठी गावेच्या गावे वेठीस धरली गेली. स्त्रियांना ओलीस ठेवण्यात आले, माणसांचे हात तोडण्यात आले. ब्रिटिश वकील रॉजर केसमेंट याचा अहवाल १९०४ साली प्रसिद्ध झाला आणि १९०८ मध्ये राजाला काँगो बेल्जियम सरकारच्या हवाली करावा लागला.

या काळात युरोपीय सत्ता एक धडा गिरवीत होत्या : कराराची किंमत तो मोडणाऱ्याला अडवणाऱ्याच्या बळाइतकीच असते. आपसातील तंटेही त्या दुसऱ्यांच्या जमिनीवर मिटवीत. १ जुलै १९११ रोजी जर्मनीने ‘पँथर’ ही युद्धनौका मोरोक्कोतील अगादिर बंदरात धाडली. नोव्हेंबरात समेट झाला. मोरोक्कोत फ्रान्सला मोकळीक मिळाली, तर जर्मनीला फ्रेंच काँगोतील सुमारे पावणेतीन लाख चौरस किलोमीटर प्रदेश. तेथील रहिवाशांना कोणी विचारले नाही. त्याच वर्षी इटलीने तुर्कांच्या लिबियावर चाल केली. तुर्की दुबळा झाल्याचे पाहून १९१२ च्या ऑक्टोबरात बाल्कन राज्ये त्याच्यावर तुटून पडली. आफ्रिकेतील आग आता युरोपच्या उंबरठ्यावर आली होती.

४ ऑगस्ट १९१४ रोजी जर्मन सैन्य बेल्जियममध्ये घुसले. त्या देशाच्या तटस्थतेची हमी १८३९ च्या तहाने दिली होती व प्रशियाची त्यावर सही होती. जर्मन चान्सलर बेथमान होल्वेग याने त्या तहाची ‘कागदाचा कपटा’ अशी संभावना केली, असे ब्रिटिश राजदूताने कळवले. जग हादरले. महिनाअखेरीपूर्वी लूव्हाँ विद्यापीठाचे ग्रंथालय जळून खाक झाले आणि हजारो निरपराध नागरिक मारले गेले.

काँगोच्या पापाची ही परतफेड होती, असे म्हणणे निर्दयपणाचे ठरेल; लूव्हाँच्या रहिवाशांनी कोणाचे हात तोडले नव्हते. मात्र कागदाला कपटा समजण्याची सवय त्या दिवशी जन्माला आली नव्हती. दुर्बळांशी वागताना ती अंगवळणी पडली होती, आणि हमी देणाऱ्यांपैकी बहुतेकांचे हात तिने मळलेले होते.

बर्लिनच्या करारात एक कलम होते : युरोपात युद्ध झाले, तरी मध्य आफ्रिकेचा व्यापारमुक्त टापू तटस्थ ठेवता यावा. बेल्जियमने त्याची आठवण करून दिली, परंतु ते कलमही निष्फळ ठरले. मुंबईहून निघालेले हिंदी सैन्य १९१४ च्या नोव्हेंबरात जर्मन पूर्व आफ्रिकेतील टांगा येथे उतरले व पराभूत होऊन परतले. पुढे चार वर्षे त्या मुलखात ओझी वाहता वाहता असंख्य आफ्रिकी हमाल भुकेने व रोगाने मेले.

बेल्जियमचा तह मोडला तेव्हा त्यासाठी लढायला साम्राज्ये उभी राहिली. काँगोच्या टोळीप्रमुखांच्या हाती असलेल्या कागदासाठी कोणतेही सैन्य निघाले नव्हते. महायुद्धाचा इतिहास वाचताना या दोन कागदांतील अंतर आपण विसरू नये.